साधा ब्लाउज, छाती चौतीस

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी एकवीस वर्षं सार्वजनिक वाचनालय सांभाळते आहे. त्यातल्या गेल्या काही वर्षांत पुस्तकांपेक्षा ब्लाउजची कटिंगंच माझ्या हातून जास्त गेली असतील. हे सांगायची मला आधी लाज वाटायची. मग त्याचा तोरा आला. आता दोन्ही उरलं नाही, कारण या कटिंगांपायी एका बाईचं माझ्या हातून असं काही झालं की ते कोणापुढं बोलायची मला आजवर हिंमत झालेली नाही. लिहून तरी बघावं म्हणून बसले आहे.

कटिंगं म्हणजे खाकी कागदाचे मापानं कापलेले तुकडे. पाठ, पुढचे दोन भाग, बाही, पट्टी. ते कापडावर ठेवायचे, खडूनं आखायचे आणि कात्री चालवायची. ज्या बाईला माप काढता येत नाही तिलाही त्यावरून ब्लाउज बेतता येतो. आमच्या गावात शिवणक्लास घेणाऱ्या एक बाई होत्या, गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणायचं. त्यांनी सारं आयुष्य घालवून अठ्ठावीसपासून चव्वेचाळीसपर्यंत प्रत्येक छातीचं कटिंग करून ठेवलं होतं. शिवाय पोरींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश, झबली. प्रत्येक कटिंग वेगळ्या लिफाफ्यात. लिफाफे जुन्या लग्नपत्रिकांचे, उलटे करून पुन्हा चिकटवलेले, आणि वर त्यांचं घोटीव अक्षर. बाई वारल्या तेव्हा त्यांचा पुतण्या घर रिकामं करायला आला आणि कटिंगांची पेटी त्यानं पाणी तापवायला म्हणून चुलीशी नेऊन ठेवली. मी नेमकी दारावरून जात होते. त्याला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पेटी वाचनालयात आली.

पुस्तकाला जसा दाखल क्रमांक तसा मी प्रत्येक लिफाफ्याला दिला, शिक्का मारला आणि कटिंगं द्यायला सुरुवात केली. वाचनालयात कधी पाऊल न टाकलेल्या बाया येऊ लागल्या. पुढं लोकांनी घरातली अडगळही आमच्याकडेच वळवली. कुबड्यांचा जोड आला, वॉकर आला, सगळ्यांनाच एकशे साठ दाखवणारं रक्तदाबाचं यंत्र आलं, आणि एक कमोडची खुर्ची आली. तपासणीला आलेल्या साहेबांनी खुर्चीकडे बोट करून विचारलं, ही कोणत्या विषयाखाली दाखल केली? मी म्हटलं, संकीर्ण. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पुस्तकं सगळी जागेवर होती, त्यामुळं काही बोलता आलं नाही. ती खुर्ची घरोघरी फिरली. माणूस बरं झालं म्हणून ती परत आली असं फार थोड्या वेळा झालं, त्यामुळं परत आणणाऱ्याला मी काही विचारत नसे.

देण्याघेण्याची एक पद्धत मीच पाडली होती आणि मला तिचा फार गर्व होता. आतल्या जंगलातल्या गावांतून बाया चालत, नाही तर दिवसाच्या एकुलत्या बसनं यायच्या. हवं ते कटिंग बाहेर गेलेलं असलं की हात हलवत परत. म्हणून मी देवघेवीचं रजिस्टर टेबलावर उघडं ठेवायला लागले. कोणती वस्तू कोणाच्या घरी आहे ते कोणीही बघावं आणि थेट त्या घरी जाऊन मागून घ्यावी. पुढच्या वेळी येऊन मला सांगितलं की मी रजिस्टरमध्ये नाव बदलत असे. परतीची तारीख नाही, दंड नाही. वस्तू या घरातून त्या घरात जात राहायची आणि क्वचितच हरवायची. आपलं वाचनालय दहा गावांत पसरलं आहे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

बाईंच्या पेटीत तळाशी एक बंद लिफाफा निघाला होता. वर फक्त ‘डावी बाजू’ एवढंच. आत ब्लाउजचं कटिंग, पण डाव्या भागाला आतून जोडायचा एक जादा तुकडा होता, मुंढ्याकडून, म्हणजे काखेच्या बाजूनं, उघडा राहणारा खिसा. सोबत चिठ्ठी: ‘डावी बाजू काढलेल्या बाईसाठी. खिसा मऊ सुती कापडाचा. पिशवी करून जवस भरावा, उजवीएवढा तोलून.’ मापं पाहिली. ती बाईंचीच होती. खूप पूर्वी त्या दोन महिने नागपूरला राहून आल्या होत्या, पित्ताचे खडे काढले म्हणाल्या होत्या. त्यानंतरची कित्येक वर्षं आम्ही बाया त्यांच्याजवळ बसून शिवत होतो, माप देत-घेत होतो, आणि कोणाला कानोकान खबर नव्हती. मी तो लिफाफा नोंदला आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला. तो कोणी मागेल असं मला वाटलं नव्हतं.

तो मागणारी दसऱ्याच्या सुमारास आली. गावच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या घरची बाई. नवरा जाळं टाकायचा, ही टोपली डोक्यावर घेऊन दारोदार मासे विकायची. आवाज असा की दोन गल्ल्या आधी कळायचं. पावसाळ्यात तीही नागपूरला जाऊन आली होती आणि तिच्याही पित्ताशयाचे खडेच निघाले होते. तेव्हापासून तिचा आवाज गल्लीत आला नव्हता. दारात उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढलेला. मी म्हटलं, “या ना बाई, आत या.” आत आली, पुस्तकांकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, “मास्तरीणबाईचं ते खिशाचं कटिंग तुमच्यापाशी आहे म्हणते.”

“तुमाले कोणं सांगितलं?”

“कोणं कायले सांगन? शेवटी त्याइचं अंग मीच पुसत होतो. त्याइनं दाखवलं होतं मले. मले काय मालूम, मलेच लागन म्हणून.”

मी लिफाफा काढला. तिनं चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली. मग मी रजिस्टर पुढं ओढलं तशी तिनं माझा हात धरला.

“बाई, नाव लिहू नोका.”

मी नियमाची बाई. नाव लिहिल्याशिवाय मी आमदारालाही पुस्तक दिलं नसतं. म्हटलं, असं नाही चालत. मग तिनं सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. मुलीची सोयरीक जमत आली होती. मुलगी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, एकुलती. मुलगा चार कोसांवरच्या गावातला, शाळेत शिपाई, घरचे लोक बरे. पण मुलाची मावशी याच आजारानं, छातीच्या कॅन्सरनं, गेली होती आणि त्या घरात या आजाराची धास्ती होती. आईला असलं की लेकीच्या रक्तात उतरतं, अशी त्यांची समजूत. हिला आहे असं त्यांना कळलं तर ते दाराशीसुद्धा उभे राहणार नव्हते. म्हणून तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत, आणि आता मला. मुलीलाही नाही.

“पोट्टीलेही नाई?”

“पोट्टीच्या पोटात नाई राह्यत काही. वैशाखात लगन होऊन जाऊ द्या, मंग मी सवताच गावभर सांगतो. तवापर्यंत अंग सारखं दिसलं पायजे. साक्षगंधाले बाया जवळ बसतीन, मिठी मारतीन. एका बाजूनं मी सपाट, कसं लपवू?”

मी तिला लिफाफा तसाच दिला असता तर? नाव न लिहिता, एक ओळही न लिहिता? आज वाटतं, एवढंच करायचं होतं. पण माझ्या हातून वस्तू बाहेर जावी आणि रजिस्टरमध्ये ओळ नसावी, हे माझ्या घशाखाली उतरेना. म्हणून मी हुशारी केली. तिच्या नावापुढं लिहिलं: ‘साधा ब्लाउज, छाती चौतीस.’ सगळ्यात साधं, कोणाची नजरसुद्धा अडकणार नाही असं. आणि काम पक्कं व्हावं म्हणून चौतीसचा खरा लिफाफा कपाटातून काढून माझ्या खणात कुलपात टाकला. बाहेर गेलेली वस्तू कपाटात दिसली तर कोणी विचारेल ना! तिला मी म्हटलं, “आता बिनघोर राहा. माझ्या तोंडून काही जाणार नाही.” ती गेली आणि मी स्वतःवरच खूश होऊन चहा केला.

तिनं घरात दार लावून ब्लाउज हातानंच शिवला. जाळं विणणारी बाई ती, टाके बारीक आणि एकसारखे. पंधरा दिवसांनी पुन्हा आली तेव्हा पदरात तोंड घालून हसत होती. तलावात शिंगाडे काढायला छातीएवढ्या पाण्यात उतरली होती. जवस भिजला. भिजलेला जवस कसा होतो ते ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. पिशवी फुगून बुळबुळीत झाली, धार लागली, आणि घरी येईपर्यंत पोटावरून खाली चिकट ओघळ. “बाई, एवढी मोठी झाली, का मले वाटलं आता डाव्या बाजूले पाह्यता पाह्यता लोक उजवी विसरून जातीन.” दुपारची वेळ, वाचनालयात आम्ही दोघीच. एवढ्या भीषण गोष्टीवर आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मास्तरीणबाई तलावात उतरत नव्हत्या, त्यांना हे सुचणार कसं? आम्ही कायकाय भरून पाहिलं. मोहरी हलकी पडली, धान टोचायला लागलं. शेवटी तिनंच उपाय काढला. नवऱ्याच्या फेकजाळ्याच्या काठाला शिशाचे मणी असतात, जाळं पाण्यात बुडावं म्हणून. तसले मूठभर मणी जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून तिनं पिशवी केली. वजन नेमकं भरलं.

दिवाळीनंतर साक्षगंध झालं. मी गेले होते. ती हिरव्या काठाच्या लुगड्यात, पदर नीट खांद्यावर, हात वर करून पाहुण्यांना पंगतीत वाढत होती. मुलाच्या आईनं तिला मिठी मारली. पण काही कळलं नाही कोणाला. तिनं मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून माझ्याकडे पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. आपण एका बाईचं घर वाचवलं, असं मी मनाशी म्हणत परत आले.

ते कटिंग तिच्याकडेच राहिलं. तिला धुऊन बदलायला दुसरा ब्लाउज शिवायचा होता, आणि परत मागायचं कारण मला नव्हतं. मधल्या महिन्यांत ज्या ज्या बायांनी चौतीसचं कटिंग मागितलं त्यांना मी सांगत राहिले, चौतीस बाहेर आहे, छत्तीस ने आणि थोडं आत दाब. चौतीसला सगळ्यात जास्त मागणी असते, कारण आमच्याकडच्या बहुतेक बाया त्याच मापाच्या. लक्ष जाऊ नये म्हणून मी सर्वांत साधं माप निवडलं होतं. सर्वांत साधं म्हणजे सर्वांना हवं असलेलं, हे माझ्यासारख्या कटिंगं वाटत बसणाऱ्या बाईला कळू नये?

संक्रांतीला मी दोन दिवस चिमूरला माहेरी गेले. मी नसले की कमिटीतले एक वयस्क भाऊ वाचनालय उघडून बसत. सज्जन माणूस, आणि माझी सगळी पद्धत त्यांना पाठ. त्या दोन दिवसांत एक तरुण बाई आली. बचत गटातून मशीन मिळालेली, नुकतीच शिवायला लागलेली. तिला चौतीसचं कटिंग हवं होतं. भाऊंनी कपाट पाहिलं, मग रजिस्टर पाहिलं आणि सांगितलं, “अमक्या घरी आहे, तळ्याच्या बांधाजवळ. जाऊन घे.” मी पाडलेल्या पद्धतीप्रमाणं त्यांनी अगदी बरोबर केलं होतं.

त्या घरी मुलगी एकटीच होती. आईबाप तलावावर. बाईनं सांगितलं, तुझ्या आईकडे वाचनालयाचं कटिंग आहे, भाऊंनी पाठवलं. मुलीनं आईची पेटी उघडली. कपड्यांच्या खाली वाचनालयाचा शिक्का असलेला एकच लिफाफा होता. तिनं काढून दिला. ती बाई मुलाच्या गावची होती.

घरी जाऊन तिनं लिफाफा उघडला असणार, कागद कापडावर मांडला असणार, जादा तुकडा कशाचा म्हणून चिठ्ठी वाचली असणार. तिच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. अशी गोष्ट हाती आल्यावर कोणती बाई गप्प बसली असती? दुसऱ्याच दिवशी ती लिफाफा वाचनालयात ठेवून गेली. भाऊंनी ‘जमा’ लिहून तो खालच्या कप्प्यात ठेवला. मी परत आले तेव्हा मासेवाल्या बाईच्या नावावरची ओळ खोडलेली दिसली आणि मी भाऊंना खोदून विचारलं तेव्हा कोणी नेलं, कोणी काढून दिलं ते समजलं.

मुलाकडून कोणी भांडायला आलं नाही. मध्यस्थ आला, चहा प्यायला, आणि मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही म्हणून गेला. साक्षगंधाची साडीसुद्धा परत मागितली नाही. ती त्यांना नको होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाचनालयात आली. पदर एका खांद्यावर होता आणि डावी बाजू सपाट. माझ्यासमोर उभी राहिली.

“बाई, तुमी कोणाले सांगितलं का?”

“नाई. लेकरांची शपथ, नाई.”

“मंग कसं समजलं?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या खणात कुलपात पडलं होतं. मी म्हणायला हवं होतं, बाई, चौतीस मी लिहिलं, खरं चौतीस मी लपवलं, आणि शोधणारीला तुमच्या दाराशी माझ्याच रजिस्टरनं पाठवलं. मला ते त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. भीती वाटली. तिची नाही, माझी जी एक छाती फुगवून फिरायची सवय होती ती मोडेल याची. मी म्हटलं, “तुमच्या घरूनच गेलं बाई ते. तुमी तळ्यावर होत्या. तुमच्या पोट्टीनं काढून देलं.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी त्याहून नीच काही आयुष्यात बोललेले नाही.

 ती टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभी होती. मग म्हणाली, “पोट्टीले काय मालूम, बिचारीले,” आणि गेली.

उन्हाळा लागला तेव्हा कानावर आलं की तिच्या काखेत पुन्हा गाठ आली आहे आणि ती नागपूरला जात नाही. मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर बसून फाटलेलं जाळं सांधत होती, डावा हात सुजून जड झालेला. मी म्हटलं, “बाई, आता लोकांना समजून गेलं. लपवायचं काय राह्यलं? काऊन जात नाई तुमी?”

“एका गावाले समजलं. बाकी गावं आहेत ना,” ती म्हणाली. “दुसरं स्थळ बघून राह्यलो, तिकडं नदीपल्याड.” तिचा हिशेब असा होता: त्यांना कोणी सांगितलं तर म्हणता येईल, झालं होतं, काढून टाकलं, बरी झाली बाई, बघा ना मासे विकून राह्यली. पण सकाळच्या बसनं नागपूरला गेलं की बसमधले सगळेच ओळखीचे. पुन्हा उलटलं हे नदीपल्याड जायला किती वेळ? “पोट्टीचं जमलं का दुसऱ्या दिवशी जातो.”

मी तिच्याशी भांडले. तिच्या नवऱ्याशी भांडले. तो जाळ्याकडे बघत म्हणाला, “माह्यं ऐकते का ते?” आरोग्य केंद्राच्या आशाताईला पाठवलं, तिलाही चहा पाजून परत पाठवलं. ती मरायला निघाली आहे हे गावात सगळ्यांना दिसत होतं आणि टोपली डोक्यावर घेऊन ती गल्लीतून ओरडत फिरत होती, पूर्वीपेक्षा मोठ्यानं, एका हातानं टोपली सावरत. बरी आहे हे ऐकू जावं म्हणून. मी दार लावून घेत असे. तो आवाज मला सहन होत नसे.

नदीपल्याडचं जमलं नाही. त्यानंतरचंही नाही. धानाची रोवणी संपता संपता तिचा आवाज थांबला. नवरा येऊन कमोडची खुर्ची घेऊन गेला, सायकलच्या कॅरिअरला बांधून. मी ती त्याच्या नावावर लिहिली, खरी वस्तू खऱ्या नावावर. दिवाळीच्या आत ती गेली.

तेरवीनंतर आठवड्यानं मुलगी खुर्ची परत करायला आली. फिनेलनं धुऊन, उन्हात वाळवून आणली होती. मी तिला बस म्हटलं. ती त्या खुर्चीशेजारीच बाकावर बसली. वर्षभरात पार वाळली होती, डोळे आईचेच. घरात स्वयंपाक आता तीच करते म्हणाली, बाबा जेवत नाहीत म्हणाली. उठेल असं वाटलं, पण उठली नाही.

“बाई, एक विचारू का?”

“विचार ना माय.”

“थो लिफाफा मीच देला होता. आईच्या पेटीतून. मले नाई मालूम होतं त्यात काय आहे. वरतं वाचनालयाचा शिक्का होता म्हणून देला.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. “लगन मोडलं तवा मले समजलं. म्हणजे माह्याच हातानं झालं सारं. मी देला नसता तं लगन झालं असतं, मंग आई दवाखान्यात गेली असती. हाव ना?”

मी टेबलावरचं रजिस्टर सरळ केलं.

“मी आईले कधीच सांगितलं नाई, का मी देला म्हणून. हिंमतच नाई झाली. शेवटपर्यंत तिच्यापाशी बसून होतो, रोज ठरवत होतो आज सांगतो. अन् तिनंही मले एका शब्दानं विचारलं नाई.” तिनं वर पाहिलं. “बाई, तिले मालूम होतं का? ते तुमच्यापाशी येत होती. तुमाले काही बोलली असन.”

त्या पोरीला माहीत नव्हतं की तिच्या आईला नऊ महिने माहीत होतं. मी सांगितल्या दिवसापासून माहीत होतं, आणि पोरीच्या हातची पेज पिताना, तिच्याकडून अंग पुसून घेताना, तिच्या खांद्यावर भार टाकून या खुर्चीवर बसताना ते तोंडातून निघू नये म्हणून ती बाई ओठ दाबून मेली. ते ओझं तिच्या अंगावर मी टाकलं होतं, आपलं उतरवून. आता लेक माझ्यासमोर बसून आपल्या वाट्याचं मागत होती.

“नाई माय,” मी म्हणाले. “तिले नाई मालूम होतं.”

ती रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलांसारखी, आणि रडता रडता म्हणाली, “मंग बरं झालं. मंग बरं झालं बाई.” मी उठून तिला पाणी दिलं. तिनं तोंड धुतलं, पुसलं. तिचा चेहरा जरा हलका दिसत होता आणि मला वाटलं, एवढं तरी मी केलं. ती निघाली. दारापर्यंत जाऊन थांबली, मागं वळली.

“मंग तिले काय वाटलं असन बाई? कोणं सांगितलं म्हणून?”

माझ्यासमोर टेबलावर रजिस्टर उघडं होतं. ती दारात उभी राहून उत्तराची वाट बघत होती, घाई न करता, माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून.

“काय मालूम,” मी म्हणाले.